हूऱ्यातला आयरिश नाच आणि माझे दोन हात

बहारीनमध्ये इतकी वर्षं काय केलंत असं कोणी विचारलं, की मी सांगते, "हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होते." माणूस "अच्छा" म्हणतो आणि विषय तिथे मिटतो. पण "दर शुक्रवारी सकाळी तिथल्या हूरा भागातल्या एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये मुलांना आयरिश नाच शिकवायचे" असं सांगितलं, तर हातातला चहा गार होतो तरी विषय मिटत नाही. लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग पायांकडे. वसईच्या बाईला हे कुठलं खूळ, असा प्रश्न चेहऱ्यावर लिहिलेला असतो. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

हे खूळ मला आयर्लंडहून आलेल्या नन्सनी लावलं. मुंबईच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये मी वाढले. तिथे सिस्टर बर्नडेट नावाच्या एक उंचपुऱ्या, लालबुंद गालांच्या सिस्टर होत्या. वर्षातून एकदा त्यांच्या देशाच्या संताचा सण आला, की त्या आम्हा मुलींना रांगेत उभं करून नाच बसवायच्या. पियानोवर एक हात, दुसऱ्या हातात छडी. पाय उंच उडायला हवेत, पण गुडघे दिसता कामा नयेत, अशी त्यांची अट. दोन्ही एकदम कसं जमणार? तर दोन्ही हातांनी फ्रॉकच्या कडा चिमटीत पकडायच्या आणि खाली ओढून धरायच्या. "नीज, गर्ल्स, नीज!", म्हणजे गुडघे, मुलींनो, गुडघे, हा त्यांचा पुकारा माझ्या कानात अजून आहे. आम्हाला वाटायचं, हा नाचाचाच भाग आहे. आयर्लंडमध्ये सगळ्या मुली फ्रॉक धरूनच नाचत असतील.

ज्यांनी हा नाच पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे नाच म्हटला की हात आधी बोलतात. डोळे, मान, कंबर मागून येतात. आयरिश नाचात कमरेच्या वर काहीही घडत नाही. मान ताठ, नजर समोर, मुठी सैल मिटलेल्या आणि हात दोन्ही बाजूंना सरळ खाली. जे काय वादळ आहे ते गुडघ्यांच्या खाली. मऊ बुटांचे नाच वेगळे, कडक बुटांचे वेगळे. कडक बुटांच्या टाचेला आणि चवड्याला जाड थर असतो, त्याने जमिनीवर ताल वाजवायचा. आणि एक उलटा कारभार ऐका. नवशिक्याला संगीत जलद लावतात आणि तरबेज नाचणाऱ्याला संथ. कारण संथ चालीत दोन ठोक्यांच्या मधली जागा मोठी, ती जागा पायांनी भरून दाखवायची असते. जलद चालीत चुका झाकल्या जातात, संथ चालीत सगळं उघडं पडतं.

बहारीनला मी नईम नावाच्या वस्तीत आणखी दोघी वसईकरणींबरोबर खोली करून राहत होते. आमच्या हॉस्पिटलात आयरिश नर्सेस बऱ्याच होत्या. एका मार्च महिन्यात त्यांच्या क्वार्टर्समध्ये त्याच संताच्या सणाची पार्टी होती आणि मला बोलावणं होतं. टेपवर ओळखीची धून लागली आणि मला काय झालं कोण जाणे, मी कपबशी खाली ठेवली आणि नाचायला लागले. नाच संपल्यावर एक सोनेरी केसांची बाई तोंडाचा आ करून माझ्यासमोर आली.

"हे तू कुठे शिकलीस?"

"मुंबईत."

"आणि तो स्कर्ट का धरून ठेवला होतास? पळून जाणार होता का?"

ही मॉरीन. नवरा जहाजं दुरुस्त करणाऱ्या ड्रायडॉकवर इंजिनीअर. ती स्वतः आयरिश नाचाची सर्टिफाइड टीचर होती, आणि आखातात त्या काळी अशी टीचर म्हणजे वाळवंटातली विहीर. तिने त्याच रात्री मला आपली मदतनीस करून टाकलं.

सर्टिफाइड म्हणजे काय, हे मला मॉरीनने पहिल्याच आठवड्यात समजावलं. हा नाच डब्लिनचं एक मंडळ चालवतं. कुठल्याही हौशी माणसाने उठून क्लास काढावा आणि मुलांना स्पर्धेला न्यावं, असं चालत नाही. आधी मंडळाची टीचरची परीक्षा पास व्हायची. लेखी पेपर, धून ऐकून तिचा प्रकार ओळखणं, अनोळखी मुलांना परीक्षकांसमोर शिकवणं, आणि मऊ-कडक दोन्ही बुटांत स्वतः नाचून दाखवणं. मग तुमच्या मुलांना ग्रेडच्या परीक्षांना बसता येतं. त्या परीक्षाही मंडळाच्याच परीक्षकाने येऊन घ्यायच्या. परीक्षक व्हायचं तर टीचर म्हणून बरीच वर्षं काढून आणखी वेगळी परीक्षा द्यायची. आणि टीचरच देश सोडून गेली, तर तिचा क्लास अनाथ. मुलं नाचू शकतात, पण ग्रेड मिळत नाही.

"आणि या मंडळातून फुटून काही जणांनी दुसरं मंडळ काढलंय," मॉरीन आवाज खाली आणून म्हणाली. "यांची मुलं त्यांच्या स्पर्धेला जात नाहीत. त्यांची यांच्या स्पर्धेला येत नाहीत."

हे ऐकल्यावर मला आयर्लंड एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

क्लास शुक्रवारी सकाळी असायचा, सुट्टीचा दिवस म्हणून. हॉलची फरशी गुळगुळीत. तिच्यावर कडक बूट घालून उडी मारणं म्हणजे हाडं मोडून घेणं. म्हणून रत्नागिरीकडच्या एका सुताराकडून आम्ही प्लायवुडचे मोठे पाट करून घेतले. पाट आले आणि आवाज चौपट झाला. हॉटेलचा मॅनेजर, एक गोरागोमटा लेबनानी गृहस्थ, पायजम्यातल्या गिऱ्हाइकांची शिष्टमंडळं घेऊन यायचा. "मदाम, प्लीज! आज शुक्रवार आहे, लोक झोपलेत!" मॉरीन त्याला गोड हसून म्हणायची, "दहा मिनिटांत खलास." ती दहा मिनिटं दुपारपर्यंत चालायची.

मुलं बहुतेक नर्सेसची आणि इंजिनीअरांची. आपल्यातली एकच, शीतल परब. तिचे वडील हॉस्पिटलाची गाडी चालवायचे, कुडाळकडचे. एका शुक्रवारी मला हॉलवर सोडायला आले तेव्हा शीतल बरोबर होती. ती दारात उभी राहून बघत राहिली आणि घरी जायचं नावच घेईना. परब पुढच्या शुक्रवारी तिला घेऊन आले, पण त्यांना हा प्रकार पटलेला नव्हता.

"बाई, चेडवाक नाच शिकयतास काय शिक्षा करतास? हात हालनतच नाय!"

"परब, हात हलले तर नापास करतात."

"आमच्या दशावतारात हात नाय हलवल्यान तर लोक मारतीत," असं म्हणून ते गाडीत जाऊन झोपले. पुढे मात्र मुलीचा नाच काचेतून बघत बाहेर उभे राहायला लागले.

शीतल शाळेत इंग्रजी बोलायची, घरी मालवणी ऐकायची, आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. पायात मात्र तिच्या काहीतरी होतं. मॉरीन एकदा नुसतं दाखवायची आणि ही करून दाखवायची. इतर मुलं गप्पा मारत असताना ही भिंतीकडे तोंड करून तोच ठोका पुन्हा पुन्हा घोटत बसायची. अशी मुलगी टीचरला एकदाच मिळते.

मग मॉरीन बाळंतपणासाठी आयर्लंडला गेली आणि काही महिने क्लास माझ्या अंगावर आला. मी काय शिकवलं, कसं शिकवलं, सगळं मला अगदी बरोबर वाटत होतं. दर शुक्रवारी सांगायचे, "हात खाली! मुठी सैल!" मुलं माना डोलवायची. मॉरीन परत आली तेव्हा डब्लिनहून परीक्षक यायला आठवडा उरला होता. मी मोठ्या अभिमानाने सगळ्यांना पाटावर उभं केलं आणि टेप लावली. नाच सुरू झाला आणि मॉरीनने कपाळावर हात मारून घेतला.

सगळ्या मुली स्कर्ट धरून नाचत होत्या. चिमटीत, दोन्ही बाजूंनी, खाली ओढून. एवढंच नाही, दोन मुलगे होते, त्यांनीही हाफपँटी धरल्या होत्या.

"फिलो!" मॉरीन माझ्यावर ओरडली. "हे काय?"

मला खरंच कळेना. मी तर दर वेळी 'हात खाली' म्हणत होते. मग शीतलने शांतपणे खुलासा केला, "टीचर सेज हँड्स डाउन. बट टीचर होल्ड्स." म्हणजे तोंडाने मी मंडळाचा नियम सांगत होते आणि हातांनी सिस्टर बर्नडेटचा. मुलं ऐकत नाहीत, बघतात. बोर्डिंग सोडून पंचवीसेक वर्षं झाली होती, तरी माझे हात तिथून निघालेच नव्हते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आठवड्यात सवय मोडायची कशी? हॉलच्या कोपऱ्यात पाहुण्यांसाठी खजुराची थाळी असायची. मी प्रत्येकाला दोन दोन खजूर खायला दिले आणि बिया मुठीत ठेवायला सांगितल्या, एका मुठीत एक. नाच संपेपर्यंत बी पडता कामा नये. मूठ बी धरून बसली की स्कर्ट कसा धरणार? रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. खजूर खाऊन खाऊन मुलांची पोटं बिघडली, पण हात सुधारले.

परीक्षक म्हणजे मिस्टर डोलन. म्हातारे, बारीक, कोटाच्या खिशात पेपरमिंट. एका टेबलामागे बसून एकेका मुलाला बोलवायचे, नाच सांगायचे, चाल किती वेगात हवी ते वाजवणाऱ्याला सांगायचे आणि मग पायांकडे असे बघायचे की जणू सोनार दागिना बघतोय. वाजवायला हॉटेलच्या बँडमधला गोवेकर अकॉर्डियनवाला होता. त्याने पहिल्याच धुनेला लग्नातल्यासारखा झटका दिला. डोलनसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "जशी आहे तशी, प्लीज." बिचारा दिवसभर तसंच वाजवत राहिला, तोंड पाडून.

शीतलची पाळी आली. सुरुवात देखणी. शेवटच्या उडीला मात्र तिच्या डाव्या मुठीतली बी सुटली आणि पाटावर टक् टक् करत थेट टेबलाखाली गेली. डोलनसाहेब वाकले, बी उचलली, चष्म्यावरून बघितली.

"हे काय?"

"फॉर माय हँड, सर," शीतल म्हणाली.

त्यांनी उजव्या मुठीकडे बोट केलं. शीतलने मूठ उघडली. मग त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना मुठी उघडायला लावल्या. प्रत्येक तळव्यावर एक एक चिकट बी. पोरं परीक्षेतही बिया घेऊनच उभी राहिली होती. डोलनसाहेबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते, तेव्हा कळलं की हसतायत. त्यांनी सगळ्यांना बिया बाजूला ठेवून पुन्हा नाचायला लावलं आणि सगळे पास झाले.

निघताना त्यांनी मॉरीनला विचारलं, "तुम्ही पुढच्या वर्षी जाणार म्हणे. मग या मुलांचं काय?"

मॉरीनने माझ्याकडे बोट दाखवलं. मी घाईघाईने म्हणाले, "सर, मी आयरिश नाही."

"नियमात जन्मगाव विचारलेलं नाही," ते म्हणाले. "हात मात्र विचारलेत."

माझ्या वार्षिक रजेचं विमानाचं तिकीट दरवर्षी मुंबईचं असायचं. त्या वर्षी मी ते डब्लिनचं करून घेतलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नाचायला? आयर्लंडला? या वयात? फादरांना काय सांगू मी?" मी म्हणाले, फादरांना सांग, ननचं काम पुरं करायला गेलेय. आईने फोन आपटला.

डब्लिनला लेखी पेपर चांगला गेला. धुना ओळखणं तर माझ्या हातचा मळ होता, टेलिफोन एक्स्चेंजवर आवाजावरून माणसं ओळखण्यात आयुष्य गेलेलं. अनोळखी मुलांना शिकवलं, तेही जमलं. राहिला माझा स्वतःचा नाच. मी चाळिशी ओलांडलेली, माझ्या मागे-पुढे विशीतल्या पोरी. कडक बुटांचा संथ नाच, ज्यात सगळं उघडं पडतं म्हणाले ना, तोच. पहिला भाग छान झाला. मग शेवटची उंच उडी आली. मी जमिनीवर उतरले तेव्हा तीनही परीक्षक पायांकडे बघत नव्हते. मी खाली बघितलं. दोन्ही हातांत स्कर्ट. चिमटीत. मी तो तसाच धरून नाच संपवला, कारण सोडलाही असता तरी आता काय!

तिथे निकाल संध्याकाळी वाचून दाखवायचे. बाकी सगळं पास. नाच पुन्हा द्यायचा, पुढच्या वर्षी. डोलनसाहेब जिन्यात भेटले. एक पेपरमिंट माझ्या हातावर ठेवलं आणि जिना उतरून गेले. मी हॉटेलच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. सिस्टर बर्नडेटवर इतकी चिडले होते की त्या जिवंत असत्या तर भांडायला गेले असते.

मॉरीन ठरल्याप्रमाणे गेली. क्लासवर सर्टिफाइड टीचर नाही म्हटल्यावर ग्रेड नाही, आणि ग्रेड नाही म्हटल्यावर काही पालकांनी मुलांना टेनिसला घातलं. अर्धा हॉल रिकामा झाला. शीतल राहिली. तिची वरच्या ग्रेडची तयारी पूर्ण झाली होती आणि माझ्यामुळे अडकून पडली होती. त्यात परबांनी एका सकाळी गाडी थांबवून सांगितलं, "बाई, जूनात सगळ्यांका गावाक धाडतलंय. शीतलची धावी थंयच होवंदे." दहावी गावी म्हटल्यावर कुडाळला तिला आयरिश नाचाची ग्रेड कोण देणार? डोलनसाहेब मे महिन्यात आखातात येणार होते. त्याआधी माझी परीक्षा होती. मी पास झाले तर शीतल माझ्या नावावर बसणार, नाही तर तिचा नाच तिथेच संपणार. इतकं साधं होतं ते आणि म्हणूनच मला झोप लागत नव्हती.

मी मुलांना खरं काय ते सांगितलं. नापास का झाले तेही. कोणी हसलं नाही. शीतल उठली आणि म्हणाली, "टीचर, गो स्टँड देअर." मी पाटावर गेले. उरलेली पोरं माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि परीक्षक झाली. त्या शुक्रवारपासून आधी माझा नाच व्हायचा, मग त्यांचा. लेबनानी मॅनेजरही एक दिवस दारात उभा राहून म्हणाला, "मदाम, लेफ्ट हँड!" सगळ्या हॉटेलला माझे हात पाठ झाले होते.

काही केल्या जमेना. बिया मी मुठीत धरून बघितल्या, माझ्या बोटांनी बियांसकट स्कर्ट धरला. मग शीतलला एक गोष्ट दिसली, जी ना मॉरीनला दिसली होती ना मला. हात दरवेळी जात नव्हते. फक्त उंच उडीच्या आधी जायचे, जिथे गुडघा वर यायचा.

"टीचर," ती म्हणाली, "यू आर नॉट फर्गेटिंग. यू आर शाय."

मी तिला दम देणार होते, पण खरं होतं ते. एवढी वर्षं मी मुलांना उंच उडायला सांगत होते आणि स्वतःचे गुडघे लोकांना दिसतील म्हणून लाजत होते. पुढच्या शुक्रवारी मी आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली, खोलीतल्या मैत्रिणीच्या भावाची, कमरेला दोरी बांधून. उडी आली, हात गेले, धरायला काही नव्हतंच. तसेच परत आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. असे आठवडेच्या आठवडे काढले. शेवटी शीतलने मला स्कर्टमध्ये उभं केलं आणि मुलांना म्हणाली, आता टीचरच्या गुडघ्यांकडेच बघा, सगळे, टक लावून. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले, पण नाचले. त्या दिवसानंतर लाज जरा कमी झाली.

पुन्हा डब्लिन. पुन्हा तोच हॉल, तोच संथ नाच. तिघांत एक डोलनसाहेब. मी पायाचं टोक पुढे टेकवलं, नजर समोरच्या खिडकीवर लावली, धून सुरू झाली. खिडकीबाहेर एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. पुढचं मला फारसं सांगता येणार नाही.

निकाल गुरुवारी संध्याकाळी वाचला. शुक्रवारी सकाळी मी पोस्टातल्या बूथमध्ये शिरून हूऱ्याच्या हॉटेलचा नंबर लावला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडले, स्वतःचा लावताना दोनदा नंबर चुकला. मॅनेजरने उचलला. "मदाम! सगळे इथेच उभे आहेत!" पलीकडे झटापट ऐकू आली आणि मग शीतलचा श्वास.

"टीचर?"

"शीतल, पास झाले गं. मे महिन्यात तू बसतेयस, माझ्या नावावर."

ती ओरडली नाही. ती पोरगीच तशी, आधी खात्री करून घेणारी.

"अँड हँड्स? व्हेअर वेअर द हँड्स?"

मी आठवायला लागले. उडी आठवली, खिडकी आठवली, दोरीवरची चादर आठवली. हात कुठे होते ते काही केल्या आठवेना.

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही."

मग मात्र ती जी ओरडली, ती ऐकून बूथबाहेर उभा असलेला म्हातारासुद्धा हसला.